उसाशिवाय कॅरिबियन

मराठी समीक्षेत कॅरिबियन बेटांचे नाव गेली पंचवीस-तीस वर्षे मोठ्या आदराने घेतले जाते. १९९२ साली डेरेक वॉलकॉटला नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच सुमारास उत्तर-वसाहतवाद ही संज्ञा आपल्या चर्चासत्रांत रुळू लागली. तेव्हापासून एमे सेझेर, फ्रान्झ फॅनन, एदुआर ग्लिसाँ, कमाऊ ब्रेथवेट ही मंडळी आपल्या निबंधांच्या पहिल्या दोन परिच्छेदांत हजेरी लावून जातात. त्यांच्या मागोमाग संज्ञांची रांग येते : संकर, क्रिओलीकरण, विस्थापन, विखंडित स्मृती, संबंधाचे काव्यशास्त्र. या लेखनात समुद्र असतो, बेटे असतात, गलबते असतात. जखमी अस्मिता तर असतेच असते. नसतो तो ऊस.

ही अनुपस्थिती किरकोळ आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. ज्या संकल्पनांवर आपण आपली सैद्धान्तिक उपजीविका चालवतो त्या संकल्पना कॅरिबियन समुद्राच्या निळाईतून उगवलेल्या नाहीत. त्या उसाच्या मळ्यातून निघालेल्या आहेत. १४९३ साली कोलंबसाने आपल्या दुसऱ्या सफरीत कॅनरी बेटांवरून उसाची बेणी हिस्पॅनिओला बेटावर नेली. १६४० नंतरच्या दशकात बार्बेडोसने उसाखातर आपला सगळा चेहरा बदलला, आणि पुढची दोनशे वर्षे आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे या एका पिकाच्या पायी घातली गेली. गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा त्याच मळ्यांवर करारबद्ध हिंदी मजूर आले : १८३८ साली ब्रिटिश गयानात, १८४५ साली त्रिनिदादात. ‘क्रिओल’ हा शब्दच घ्या. आपण तो भाषा आणि अस्मिता यांच्या संदर्भात वापरतो. पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ताहितीकडची जाडजूड जात बेटांवर आली तेव्हा कोलंबसाच्या काळापासून रुजलेल्या जुन्या उसाला ‘क्रिओल ऊस’ असेच नाव पडले. संज्ञा माणसाला लागली तशी पिकालाही लागली. कॅरिबियन सिद्धान्तनातून ऊस वगळणे म्हणजे ज्ञानेश्वरीतून गीता बाजूला काढून उरलेल्या उपमांचे वर्गीकरण करण्यासारखे आहे. वर्गीकरण होईल, नेटकेही होईल. पण कशाचे झाले हे सांगता येणार नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण फर्नांदो ओर्तीझ या क्यूबन पंडिताचे आहे. त्याने १९४० साली तंबाखू आणि साखर यांच्या द्वंद्वावर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात ‘आंतरसांस्कृतिक संक्रमण’ अशा अर्थाची एक नवी संज्ञा घडवली. पुढे संकराविषयी जे काही बोलले गेले त्याच्या मुळाशी या संज्ञेचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे संकर आला, ओर्तीझ मागे राहिला; साखर आणि तंबाखू तर कस्टममध्येच अडकून पडली असावीत. वास्तविक हा ग्रंथ मराठी वाचकाला सर्वांत जवळचा वाटावा असा आहे, कारण त्याचा आकृतिबंध आपल्या ओळखीचा आहे. मध्ययुगीन स्पॅनिश काव्यातील वादाची परंपरा डोळ्यांसमोर ठेवून ओर्तीझ तंबाखू आणि साखर यांना समोरासमोर उभे करतो : एक सावळा, दुसरी गोरी, एक छोट्या शेतकऱ्याच्या निगराणीत वाढणारा, दुसरी मोठ्या मळ्यात राबवून घेणारी. ज्याने कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकले आहेत त्याला या रचनेत परके काही वाटणार नाही. शाहिरी वाङ्मयाचा अभ्यासक ओर्तीझ वाचत नाही आणि उत्तर-वसाहतवादाचा अभ्यासक शाहिरी वाचत नाही, ही आपली श्रमविभागणी.

हा मजकूर राहात्याच्या परिसरात लिहिला जात आहे, एवढे येथे सांगणे भाग आहे. कारण प्रश्न दूरच्या बेटांचा नाही. गोदावरीचा उजवा कालवा आणि प्रवरेचे कालवे यांनी या अवर्षणप्रवण पट्ट्याचे रूप विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत पालटून टाकले. दारणेचे पाणी आले, १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, आणि जेथे बाजरी होत होती तेथे ऊस उभा राहिला. पाटपाण्याच्या मागोमाग सासवडचे माळी बागाईतदार आले. त्यांच्याही मागोमाग, किंबहुना काही ठिकाणी त्यांच्या आधीच, कंपन्या आल्या. १९१९ साली नोंदल्या गेलेल्या बेलापूर कंपनीने हरेगावला जे उभे केले त्याला इंग्रजीत जो शब्द आहे तोच जमैकातल्या मळ्यालाही आहे. शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या गेल्या. सलग हजारो एकरांचा पट्टा एका गोऱ्या व्यवस्थापनाखाली आला, आणि त्यात साहेबांचे बंगले व मजुरांच्या चाळी यांचा भूगोल आखला गेला. खाजगी कारखान्यांकडे गेलेल्या अशा जमिनी पुढे कमाल जमीनधारणा कायद्यानंतर राज्याच्या शेती महामंडळाकडे गेल्या आणि मूळच्या खंडकरी शेतकऱ्यांना त्या परत मिळवण्यासाठी अनेक दशके झगडावे लागले. पुणतांब्याजवळ चांगदेवनगर आहे. योग्याच्या समाधीशेजारी साखर कारखाना. मग १९५० साली लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना आला आणि या इतिहासाला एक वेगळे वळण लागले. त्याकडे पुढे येऊ.

एक योगायोग नोंदवावासा वाटतो. करारबद्ध मजुरीची पद्धत बंद करावी असा ठराव १९१२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला तो गोपाळ कृष्ण गोखले यांनी. ठराव तेव्हा फेटाळला गेला. भरती थांबायला १९१७ साल उजाडावे लागले. हिंदी मजूर साखरेच्या बेटांवर पाठवणे थांबले आणि दोनच वर्षांत मजुरांसह साखरेचे बेट हरेगावात तयार होऊ लागले. या दोन घटनांमध्ये कार्यकारणभाव आहे असे मी म्हणत नाही. पण गोखल्यांचे ते भाषण राजकीय इतिहासाच्या खात्यात आणि हरेगाव ग्रामीण अर्थशास्त्राच्या खात्यात टाकून आपण मोकळे झालो. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या दोहोंकडे एकत्र पाहावे असे कोणाला सुचले नाही.

येथे अपेक्षित आक्षेप घेतला जाईल : हे सारे समाजशास्त्र झाले, वाङ्मयाशी याचा संबंध काय? हा आक्षेप घेणारे बहुधा तेच असतात जे एरवी ‘संहितेबाहेर काही नाही’ या वचनाची जपमाळ ओढतात. तेव्हा संहितेच्या आतच राहू, आणि एकाच शब्दापाशी थांबू. ऊसतोडीच्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणजे केवळ हत्यार नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. टोळीत किती माणसे असे कोणी विचारत नाही, किती कोयते असे विचारतात. एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता. जमैकाच्या किंवा बार्बेडोसच्या मळ्यांवरचे इंग्रज माणसे मोजत ती ‘हात’ म्हणून. तेथे माणसाचा एक अवयव झाला आणि तो अवयव म्हणजेच माणूस ठरला. आपल्याकडे दोन माणसे मिळून एक अवजार झाली, आणि त्या अवजारात बाई दिसेनाशी झाली. लक्षणा म्हणून ही दोन्ही उदाहरणे काव्यशास्त्राच्या कोणत्याही तासाला घेता येतील. मम्मटाची उदाहरणे घोकणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी हा शब्द रोज उच्चारला जात असतो, पण वर्गात तो शब्द येत नाही. लक्षणेच्या आड जे दडते त्याची किंमतही आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली तेव्हा अशा तेरा हजारांवर स्त्रियांची नोंद झाली. मोजणीच्या भाषेत जी स्त्री अर्ध्या कोयत्यापुरती उरते तिच्या शरीराचे काय होते, हा प्रश्न वैद्यकाचा आहे तसाच रूपकाचाही आहे. ब्रेथवेटने त्रासून म्हटले होते की आमच्याकडच्या वादळाची चाल इंग्रजी वृत्तात बसत नाही. त्याला त्याच्या लोकांच्या बोलण्यातली लय हवी होती. आपण त्याचे हे म्हणणे ‘राष्ट्रभाषा’ या अर्थाच्या त्याच्या संज्ञेसह उद्धृत करतो, आणि फडावरची बोली ऐकायची वेळ आली की ‘ग्रामीण बोलीचा प्रभावी वापर’ एवढे लिहून पुढे जातो.

‘फड’ हाही शब्द पाहण्यासारखा आहे. उसाचा फड, तमाशाचा फड, कुस्त्यांचा फड. मराठी समीक्षेने यांतल्या मधल्या फडावर पुष्कळ लिहिले आणि ते योग्यच झाले. पण पहिल्यावर जे लिहिले ते बहुतेक पुन्हा मधल्याच्याच अनुषंगाने. लावणीत ऊस येतो तो स्त्रीदेहाचे रूपक म्हणून, त्याला तुरा येतो तो यौवनाचा. प्रत्यक्षात तुरा आला की उसातली साखर उतरू लागते आणि शेतकरी धास्तावतो, ही गोष्ट त्या रूपकात कोठे शिरते काय, हे कोणी तपासलेले नाही. भक्तिकाव्यात तीच तऱ्हा. चोखामेळ्याच्या एका सुप्रसिद्ध अभंगात ऊस आहे. तो शिकवताना आपण पहिल्या शब्दावरून उडी मारून थेट अंतर-बाह्य भेदाच्या तत्त्वज्ञानावर पोहोचतो. मंगळवेढ्याच्या गावकुसाबाहेरच्या माणसाला नेमका ऊसच का सुचला, तो कोणाच्या मळ्यातला, त्यावर कोण राबत असे, हे प्रश्न काव्यबाह्य ठरतात. ऊस मराठी समीक्षेला कायम रूपक म्हणूनच भेटत आला आहे.

याला अपवाद आहेत. रंगनाथ पठारे यांची ‘ताम्रपट’ (१९९४) ही कादंबरी याच जिल्ह्याच्या मातीतून आलेली आहे आणि सहकारातील सत्तेची गुंतागुंत तिने जितक्या विस्ताराने मांडली तितकी मराठीत क्वचितच मांडली गेली. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला ‘सामना’ (१९७५) हा चित्रपटही आठवावा लागेल. परंतु या कृतींची चर्चा राजकीय कादंबरी, राजकीय चित्रपट या शीर्षकांखाली झाली. साखरेच्या जागतिक वाङ्मयात त्यांना बसवून पाहण्याचा विचार झाला नाही. सॅम सेल्व्हनची त्रिनिदादच्या ऊसमळ्यातली कथा किंवा डेव्हिड डॅबिडीनच्या ‘स्लेव्ह साँग’मधील (१९८४) गयानाच्या मळ्यातील क्रिओलमध्ये लिहिलेल्या कविता ‘ताम्रपट’शेजारी ठेवल्या तर काय दिसेल? निदान एवढे दिसेल की तेथे लेखकाची नजर तोडणाऱ्याच्या बाजूने वर कारखान्याकडे जाते, आणि आपल्याकडे बहुधा अध्यक्षांच्या बंगल्यातून खाली फडाकडे येते. पुष्कळदा ती फडापर्यंत पोहोचतच नाही. यात पठारे यांचा दोष नाही. त्यांनी आपल्या विषयाचे क्षेत्र प्रामाणिकपणे आखून घेतले. दोष त्या समीक्षेचा, जिला ग्रामीण साहित्य नावाचा एक कप्पा मिळाल्यापासून त्यात ऊसमालक आणि ऊसतोड्या या दोघांनाही एकाच ‘ग्रामीण संवेदनशीलते’ची लेबले लावून ठेवता येऊ लागली.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. कॅरिबियनच्या नावाने जो सिद्धान्तव्यवहार चालतो त्याला पाश्चात्त्यांची उष्टी पत्रावळ म्हणणारा एक वर्ग आपल्याकडे आहे, आणि तो देशीवादाचा आधार घेतो. भालचंद्र नेमाडे यांनी १९८३ पासून मांडलेल्या देशीयतेच्या भूमिकेचे ऋण कोणाही मराठी अभ्यासकाने मान्य केले पाहिजे. आपल्या भाषेला, आपल्या भूमीला आणि आपल्या परंपरेला साक्षी ठेवून वाङ्मयीन मूल्ये ठरवावीत हा आग्रह आवश्यकच होता. पण त्यांच्या अनुयायांच्या हाती देशीयतेचे रूपांतर मुळांच्या उपासनेत झाले. या उपासनेला कॅरिबियन साहित्य सर्वांत अडचणीचे आहे. तेथील मूळ तायनो आणि कालिनागो लोकांचा स्पॅनिश आगमनानंतर इतका संहार झाला की आज डोमिनिकासारख्या बेटावरील कालिनागो वस्ती हा अपवाद ठरतो. बाकी सारे आणलेले. माणसे आफ्रिकेतून आणि हिंदुस्थानातून, ऊस आशियातून, आंबा आशियातून. विलायती फणसाची रोपे ब्लायने १७९३ साली ताहितीहून आणून सेंट व्हिन्सेंट व जमैकाला उतरवली ती गुलामांना स्वस्तात खाऊ घालता यावे म्हणून. ज्या भूमीत मूळचे जवळजवळ काहीच उरले नाही त्या भूमीने विसाव्या शतकात इतके भूमिनिष्ठ वाङ्मय कसे दिले? सेंट लुशियाच्या कोळ्यांना महाकाव्यात आणणारा वॉलकॉट देशी की परदेशी? मुळावर उभारलेल्या देशीयतेपाशी याचे उत्तर नाही. राबण्यातून आणि नाव देण्यातून देशीयता घडते असे मानले तर ते आहे.

आणि हे पाहायला बेटांवर जायचीही गरज नाही. राहात्याचा पेरू प्रसिद्ध आहे. बाजारपेठेत राहात्याची ओळख पेरूनेच सांगतात. हे फळ उष्णकटिबंधीय अमेरिकेतले, पोर्तुगिजांच्या काळात इकडे आलेले. चिकू तिकडचाच. पपई आणि तंबाखू यांची तर नावेसुद्धा कॅरिबियन परिसरातील मूळ भाषांमधून स्पॅनिश-पोर्तुगीज तोंडांतून फिरत आपल्यापर्यंत आली. विजेआधीच्या काळात आमच्या घराघरांत जो हरिकेन कंदील टांगलेला असे त्याच्या नावात तायनो लोकांचा वादळाचा शब्द होता. आणि सर्वांत मौजेची गोष्ट म्हणजे सीताफळ व रामफळ ही दोन्ही फळे त्याच अमेरिकन-वेस्ट इंडियन पट्ट्यातली. आपण त्यांना अयोध्येच्या राजघराण्यात दत्तक घेतले आणि हा दत्तकविधान इतका बेमालूम झाला की वनवासातल्या सीतेने ती खाल्ली असे सांगणाऱ्या लोककथांवर आपण शंकाही घेत नाही. यात खोटेपणा नाही. नाव देऊन आपले करणे ही संस्कृतीची खरी रीत आहे, आणि हे जर सीताफळाच्या बाबतीत देशी ठरत असेल तर त्रिनिदादमधील रामलीलेच्या बाबतीत ते संकर का ठरावे?

हा प्रश्न रामलीलेचा अशासाठी की वॉलकॉटचे नोबेल व्याख्यान तिथूनच सुरू होते. त्रिनिदादच्या कारोनी मैदानात, ऊसशेतीने वेढलेल्या फेलिसिटी नावाच्या गावात हिंदी मजुरांचे वंशज रामलीला करतात आणि ती पाहायला हा कवी जातो. या व्याख्यानातील फुटलेल्या आणि पुन्हा जुळवलेल्या भांड्याची प्रतिमा मराठीत वारंवार फिरते. पण त्या आधीची गोष्ट फिरत नाही. वॉलकॉट सांगतो की सुरुवातीला त्या सोहळ्यात त्याला केवळ नाटक दिसले, हरवलेल्या मूळ देशाचा शोक दिसला, आणि मग लक्षात आले की ती पोरे काही हरवल्यासारखी खेळत नव्हती. ती श्रद्धेने, आनंदाने खेळत होती. शोक पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होता. म्हणजे आपण ज्या व्याख्यानाच्या आधारे ‘विखंडित अस्मिते’ची रडकथा मांडतो त्याच व्याख्यानाने त्या रडकथेवर प्रश्नचिन्ह लावून ठेवले आहे. शिवाय फेलिसिटीभोवतालचा ऊस आता इतिहासजमा झाला. कारोनीची सरकारी साखर कंपनी २००३ साली बंद पडली. सेंट किट्सनेही २००५ साली साखर सोडली. तेथे ऊस ही आता बरीचशी स्मृती आहे. आपल्याकडे तो वर्तमान आहे. राहाता-श्रीरामपूर-कोपरगावच्या पट्ट्यात दिवाळीनंतर ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्यांत संसार भरून टोळ्या उतरतात, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या खोप्या उभ्या राहतात, आणि पट्टा पडला की निघून जातात. स्मृतीचे सिद्धान्त वर्तमानाला लावताना निदान एवढा कालभेद तरी ध्यानात घ्यावा.

दलित समीक्षेने या बाबतीत आपल्या आधी पाऊल टाकले होते, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. म. ना. वानखडे यांच्यापासून जनार्दन वाघमारे यांच्यापर्यंत अनेकांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठीत आणले आणि वर्ण व जात यांची तुलना उभी केली. ती तुलना फलदायी ठरली. मात्र तिची वाट अमेरिकेच्या शहरांतून गेली, बेटांवरील मळ्यांतून नाही. त्यामुळे अपमान आणि विद्रोह यांचे संदर्भ मिळाले, पण पीक, पाणी, हंगाम आणि उचल यांचे मिळाले नाहीत. ऊसतोडीच्या टोळीत दलित असतात, वंजारी असतात, बंजारा असतात, कोरडवाहू मराठाही असतो. ही सरमिसळ जातीच्या एकाच अक्षावर पुरती वाचता येत नाही, आणि जात सोडूनही वाचता येत नाही. मळ्याचा अनुभव सांगणारे वाङ्मय येथे उपयोगी पडले असते.

तथापि मी काही सरळ समीकरण मांडू इच्छित नाही. ऊसतोड म्हणजे गुलामगिरी, असे म्हणणे आफ्रिकेतून साखळदंडात नेलेल्यांचा अपमान आहे आणि तोडणाऱ्यांच्या परिस्थितीचे आळशी वर्णनही आहे. गिरमिटवाल्याच्या हाती निदान लेखी करार होता. मुकादम आणि कोयता यांच्यामध्ये पुष्कळदा उचलीची वही एवढाच दस्तऐवज असतो. पण तो वर्षाअखेर आपल्या गावी परततो, मत देतो, संप करतो. भेद आहेत, आणि तुलना सार्थ होते ती भेदांमुळेच. यांतला सर्वांत मोठा भेद सहकाराचा.

सिल्विया विंटर या जमैकन विदुषीने १९७१ साली कादंबरी आणि मळा यांच्या संबंधावर एक निबंध लिहिला. तिच्या मते कादंबरी हा वाङ्मयप्रकार आणि मळा ही समाजरचना एकाच बाजारव्यवस्थेची जुळी अपत्ये होत. मळ्याच्या कडेला गुलामांना स्वतःच्या पोटासाठी जो जमिनीचा तुकडा मिळे, ज्यात ते कंद लावीत, त्या तुकड्याभोवती आफ्रिकेतून आणलेली गाणी, दैवते, मरणाचे विधी टिकून राहिले. मळा हा बाजाराचा, तुकडा हा माणसाचा. आणि कॅरिबियन कादंबरीला यांपैकी कोणाची बाजू घ्यायची ते ठरवावे लागते. हा निबंध प्रवरेकाठी वाचला की त्यातले द्वंद्व डळमळू लागते. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे केले ते काय होते? तुकडेवाले शेतकरी एकत्र आले आणि त्यांनी मळ्याचा कारखाना आपल्या मालकीचा केला. कंपनीला खंडाने जमीन देण्याची पाळी येऊ नये म्हणून तुकड्यानेच मळ्याचे रूप घेतले. ही पराक्रमाची गोष्ट आहे. गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ कारखान्याच्या अध्यक्षपदी बसतो हे दृश्यही पुन्हा दिसणे कठीण. पण तुकडा मळा झाल्यावर विंटरच्या अर्थाने तुकडा कोठे उरला? बांधावरच्या भाजीत? खोपीपुढच्या तीन दगडांच्या चुलीपाशी? तोडणारी बाई संध्याकाळी उसाचे वाढे विकून जे चार पैसे मिळवते त्यात? सभासदाला मत आहे, तोडणाऱ्याला नाही. कारखान्याच्या लोकशाहीची सीमा फडाच्या बांधापाशी येऊन थांबते.

गयानाचा इतिहास येथे उलट्या बाजूने प्रकाश टाकतो. गुलामगिरीतून सुटलेल्या ८३ जणांनी १८३९ साली पैसे जमवून एक बंद पडलेला मळा विकत घेतला आणि तेथे व्हिक्टोरिया नावाचे गाव वसवले. पुढे अशी अनेक गावे उभी राहिली. १९७० साली गयानाने स्वतःला सहकारी प्रजासत्ताक म्हणवून घेतले, आणि ते नाव आजही आहे. तेथे सहकार राबणाऱ्यांनी सुरू केला, येथे जमीनवाल्यांनी. सहकाराचे हे दोन आरंभ शेजारी ठेवून जर कोणी मराठी कादंबरी आणि गयानीज कविता वाचली तर त्यातून असे काही सैद्धान्तिक हाती येण्याची शक्यता आहे जे विंटरलाही सांगता येईल. आजवर आपण कॅरिबियनकडून फक्त घेत आलो. देण्यासारखा आपल्यापाशी एक पदार्थ होता, त्याकडे लक्ष गेले नाही, कारण तो कारखान्याच्या गव्हाणीत पडत होता आणि आपण ग्रंथालयात होतो.

या दुर्लक्षाचे परिणाम वर्गात दिसतात. या भागातील महाविद्यालयांत मराठीच्या पदव्युत्तर वर्गाला जी मुले-मुली बसतात त्यांत कारखान्याच्या सभासदांची असतात, कालव्याच्या शेवटच्या टोकाला आवर्तनाची वाट पाहणाऱ्यांची असतात, आणि ज्यांचे आई-बाप हंगामात कोणत्या ना कोणत्या कारखान्याच्या गाडीसेंटरवर असतात अशीही असतात. तौलनिक साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत त्यांना क्रिओलीकरणावर टीप लिहायला सांगितली जाते. ती ते लिहितात. पंधरापैकी नऊ गुण मिळतात. त्या संज्ञेचा आपल्या घरातल्या पाचटाशी काही संबंध असू शकतो हे त्यांना कोणी सांगत नाही, आणि कोणी सांगितले तर ते उत्तरपत्रिकेत लिहिण्याचे धाडस त्यांनी करू नये असाच आपल्या परीक्षापद्धतीचा सल्ला असतो. शोधप्रबंधांचीही तीच कथा. ‘अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतील ग्रामीण जीवनदर्शन’ हा विषय दरवर्षी मंजूर होतो. ‘उचल’ या एका शब्दाचा मराठी कथात्म साहित्यातील प्रवास, असा विषय घेऊन कोणी आले तर विषय समाजशास्त्राकडे पाठवावा अशी सूचना होते. हे मी अनुभवाने लिहितो.

तेव्हा एक नेमकी सूचना करतो. लालबिहारी शर्मा नावाचा एक करारबद्ध मजूर डेमेराराच्या ऊसमळ्यावर होता. त्याने होळीची गीते रचली आणि ती ‘डमरा फाग बहार’ या नावाने १९१६ साली हिंदुस्थानात छापली गेली. डमरा म्हणजे डेमेरारा. मजुरांच्या जिभेवर त्या नावाचे जे झाले ते. इंग्रजी भाषिक कॅरिबियनमधील करारबद्ध मजुराने स्वतः लिहिलेली ही एकमेव ज्ञात वाङ्मयकृती मानली जाते. ती शंभर वर्षे कोणाच्या गावी नव्हती. राजीव मोहाबीर या कॅरिबियन वंशाच्या कवीने केलेला तिचा इंग्रजी अनुवाद २०१९ साली आला आणि मग तिच्याकडे लक्ष गेले. भोजपुरी-अवधीच्या वळणाची ही गीते मराठी वाचकाला, विशेषतः फाग आणि लावणी यांचे नाते जाणणाऱ्याला, इंग्रजीची मध्यस्थी न घेता कळू शकतात. वॉलकॉटवरील आणखी एक निबंध लिहिण्यापूर्वी आपल्यापैकी कोणीतरी त्यांचा मराठी अनुवाद करावा, तो मूळ संहितेवरून करावा, आणि त्याचे पहिले वाचन चर्चासत्राच्या वातानुकूलित दालनात न करता हंगाम चालू असताना एखाद्या गाडीसेंटरवर करावे. श्रोत्यांच्या शंका टिपून घ्याव्यात. त्या शंकांसह तो अनुवाद छापावा.